मशीन म्हणालं, ‘हाय’

भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. सीझन आला. ड्रायव्हर लोक आपल्याच गाड्यांच्या सावलीत स्टोव्ह मांडून बसतात, ऑक्टोबरचं ऊन डांबर तळायला घेतं, आणि गोदामांच्या शटरमधून खोक्यांचा आणि चिकटपट्टीचा तो कोरडा, जरासा गोडसर वास बाहेर येतो. दोन गोदामांच्या मध्ये कुणाची तरी जमिनीची एखादी पट्टी विकायची राहून गेलेली असते, तिच्यात भात पिवळा झालेला असतो. पूर्वी आमच्याकडे सीझन म्हणजे कापणी. आता सीझन म्हणजे सेल. देशभरातल्या माणसांना मिक्सर, पडदे, मोबाइलची कव्हरं आणि व्यायामाची सायकल नेमकी नवरात्र ते दिवाळी याच दिवसांत लागते, आणि त्यातलं बरंचसं आमच्या गावातून जातं. व्यायामाची सायकल पाठवण्यासाठी मी एका शिफ्टमध्ये जेवढा चालतो, तेवढी ती सायकल घेणारा वर्षभरात चालवत नसावा. पण तो त्याचा प्रश्न.

तो वास आला की माझा हात आपोआप खिशांकडे जातो. डाव्या खिशात साखरेच्या पुड्या, उजव्या खिशात पेन. टोचायचं पेन. त्याच्या शेपटीला एक फिरकी असते. ती फिरवली की टक टक वाजते आणि बारीक खिडकीत आकडा सरकतो. एक टक म्हणजे एक युनिट इन्सुलिन. वर्षानुवर्षं दिवसातून चार वेळा ती टकटक ऐकतो आहे, तरी सीझनच्या पहिल्या सकाळी बोट अजून अडखळतं. किती? दरवर्षी हाच प्रश्न, आणि मागच्या वर्षीचं उत्तर यंदा जसंच्या तसं चालेलच असं नाही.

उत्तर शोधायला शिकलो तो माझा पहिला सीझन. म्हणजे आजार झाल्यानंतरचा पहिला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी वाळत गेलो होतो, घागरभर पाणी पिऊन पुन्हा तहानलेला, आणि कल्याणच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून सांगितलं होतं, “टाइप वन.” मी सव्वीस वर्षांचा. गावात ‘शुगर’ हा काकालोकांचा आजार, निवृत्तीनंतर पेन्शनसारखा सुरू होणारा. त्यामुळे सल्लागारांची रीघ लागली. एका मामांनी कारल्याचा रस आणला, एका मावशीनं जांभळाच्या बियांची पूड, आणि एका शेजाऱ्यानं नुसताच दोष दिला की लहानपणी मी बोरं चोरून खायचो. डॉक्टरबाईंचं म्हणणं सरळ होतं. माझ्या शरीरातला इन्सुलिनचा कारखाना बंद पडलाय. संप भिवंडीला नवा नाही, पण हा संप असा की बोलणी करायला पुढारीच नाही. माल बाहेरूनच आणायचा, रोज, जन्मभर. आणि किती आणायचा ते ज्याचं त्यानं, दर वेळी, जेवण आणि काम बघून ठरवायचं.

“ठरवायला शिकाल,” बाई म्हणाल्या. “सध्या जेवणाआधी सहा. जेवला नाहीत तर त्या वेळचं घ्यायचं नाही. रात्रीचं लांब पल्ल्याचं मात्र कधीही चुकवायचं नाही.”

मी मान डोलावली. कुठलीही गोष्ट समजली नाही की मी फार छान मान डोलावतो.

नवरात्र आलं. आमच्या घरी नवरात्र म्हणजे नऊ दिवस उपास, आणि तो मी शाळेपासून धरतो. आईनं विचारलं, “औंदा झेपंल का रं?” मी म्हटलं, न झेपायला काय झालं? आणि सकाळी परातीसारख्या ताटात साबुदाण्याची खिचडी घेऊन बसलो. वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला रताळ्याच्या गोड फोडी, मागून दोन केळी. पेन काढलं. फिरकीवर बोट ठेवलं. आणि थांबलो. बाईंनी काय सांगितलं होतं? जेवला नाहीत तर घ्यायचं नाही. मी जेवत होतो का? छे! माझा उपास होता. हा फराळ होता.

पेन परत खिशात. दुपारी वरईचा भात आणि आमटी. तोही फराळ. संध्याकाळी बटाट्याचा कीस. तोही फराळच. रात्रीचं इन्सुलिन तेवढं प्रामाणिकपणे घेतलं, कारण त्याचा जेवणाशी संबंध नव्हता. माझ्या अकलेला दाद द्यायची तर ती इथं द्या: मी दोन दिवस उपाशी होतो, आणि त्या दोन दिवसांत एरवी आठवड्यात खाईन एवढं खाल्लं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी जीभ चपलेच्या तळासारखी झाली. मळमळायला लागलं. मी बोटाला टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मशीनला दिला. मशीननं जरा विचार केला आणि काचेवर आकड्याऐवजी इंग्रजीतली दोन अक्षरं दाखवली. एच आणि आय.

आई देव्हाऱ्यापाशी होती. तिथूनच तिनं विचारलं, “काय बोलतं रं मशीन?”

“हाय.”

“हाय म्हंजे? काय हाय?”

“साखर.”

“ती तं हायच. कवरी हाय?”

“ते सांगत न्हाय. नुस्तं हाय बोलतं.”

“मंग बरा हाय ना,” आई म्हणाली आणि वात सारखी करायला लागली.

मलाही क्षणभर बरंच वाटलं. यंत्रानं नमस्कार केला, एवढंच. मग पाकिटातला कागद उघडून बघितला, तर हाय म्हणजे साखर इतकी वर गेली आहे की मोजणं आता या मशीनच्या आवाक्यात नाही. रिक्षानं कल्याण गाठेपर्यंत मी दोनदा रिक्षा थांबवून ओकलो. आईनं माझं डोकं धरलं होतं आणि ती देवीला सांगत होती, ‘उरलेले उपास माज्या नावावर घे.’

सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या.

“जेवणाआधी इंजेक्शन घेत होतात?”

“जेवलोच नाही, मॅडम. उपास आहे.”

“मग खाल्लं काय?”

मी सांगितलं. साबुदाणा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. रताळ्याला कपाळावर हात गेला. वरईपर्यंत पोचलो तेव्हा त्या हसत होत्या की चिडल्या होत्या, ते मला कळेना.

“पाटील, तुमच्या देवीला कळतं जेवण कुठलं आणि फराळ कुठला. तुमच्या रक्ताला नाही कळत. तोंडात गेलं की जेवण. आणि हे मी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. रात्रीचं चुकवलं नाहीत म्हणून आज बोलताय तरी.”

त्या दिवशी मी घाबरलो. खरं सांगायचं तर माझ्या पुढच्या सगळ्या मूर्खपणाचं मूळ त्या भीतीत आहे. ‘हाय’ पुन्हा बघायचं नाही, या एका वेडानं मी उठल्यासुटल्या बोट टोचायला लागलो. आकडा चढा दिसला की घेतलं इन्सुलिन. तासाभरानं बघितलं, अजून उतरला नाही? घे आणखी. अजून नाही? आणखी घे. वास्तविक मी ज्या धंद्यात आहे त्या धंद्यातल्या माणसानं ही चूक करायलाच नको होती. भिवंडीतून सोडलेली गाडी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रखडली, म्हणून आपण त्याच ऑर्डरची दुसरी गाडी सोडतो का? पहिली कुठं पोचली ते आधी विचारतो. मी एकामागोमाग एक तीन गाड्या सोडल्या, आणि दुपारी त्या तिन्ही एकदमच पोचल्या. साखर धाडकन तळाला गेली.

तेव्हा मी गोदामाच्या फ्लोअरवर होतो. आमचं काम असं: हातातल्या स्कॅनरवर वस्तूचं नाव आणि जागा उमटते, आपण ढकलगाडी घेऊन त्या रॅकपाशी जायचं, वस्तू काढायची, तिच्यावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खुणेवर स्कॅनर धरायचा, पुढची वस्तू. मी या कामात वेगवान होतो. तर त्या दुपारी मला आठवतं ते एवढंच, की समोर एक मोठी वस्तू उभी होती. तिच्या छातीवर खुणेचं कार्ड लटकत होतं. मी स्कॅनर धरला. आयटम सापडत नाही, असं उमटलं. पुन्हा धरला. पुन्हा तेच.

“अरे पाटील, ये क्या कर रहा है?” वस्तू म्हणाली.

“तुम गलत रॅक में खड़े हो,” मी तिला बजावलं. “अपने रॅक में जाओ.”

ते शमीमभाई होते. आमचे शिफ्ट इन्चार्ज. ऐन जवानीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला यूपीहून भिवंडीच्या नारपोलीत आले, लूम भंगारात गेले तेव्हा गोदामात आले. आवाज अजून लूमच्या खडखडाटावर मात करायच्या बेतानं लावलेला. त्यांनी माझी कॉलर धरली, नाक तोंडाजवळ आणलं. “पी के आया है क्या?” मग बाजूच्या पोरांना म्हणाले, “बास तो नहीं आ रही.” माझा शर्ट घामानं चिंब होता. मी कसाबसा एक शब्द बाहेर काढला, “शुगर.”

कुणीतरी समजूतदारपणे चहाचा कप पुढं केला. शमीमभाई ओरडले, “पागल है क्या? शुगर है उसको! मीठी चाय मत दे!”

आयुष्यात मी एकदाच कुणाच्या हातातला कप हिसकावून घेतला आहे. तो त्या दिवशी. घटाघटा प्यालो, निम्मा शर्टावर सांडला, आणि थोड्या वेळानं शमीमभाई पुन्हा शमीमभाईंसारखे दिसायला लागले. ते फार रागावले नाहीत. त्याचंच मला भय वाटलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, “बताया क्यों नहीं? फोर्कलिफ्ट के नीचे आ जाता तो?” आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी गेटवर. प्लॅस्टिकची खुर्ची, वर पंखा, येणाऱ्या गाडीचा नंबर बघायचा आणि दांडा वर करायचा.

आई खूश झाली. “पंखा हाय ना? मंग बस तिथंच.” मग जरा थांबून, “न्हायतर कामच सोर. जागेचं भारं येतंच हाय. घरी बस. मी हाय ना.”

तिचं खोटं नव्हतं. ते गोदाम ज्या जमिनीवर आहे तिच्यातली एक पट्टी आमची. आजोबांनी तिथं गुडघाभर चिखलात भात लावला, वडिलांनी तिथंच खाडीचं खारं पाणी अडवायला बांध घातले. या जमिनीवर बसून राहिलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी ठरणार होतो, तोही सव्विसाव्या वर्षी, पंख्याखाली. आत सीझन पेटलेला. ढकलगाड्यांची चाकं वाजायची, पोरं एकमेकांना हाका मारायची, आणि मी दांडा वर, दांडा खाली. जाणारे-येणारे ड्रायव्हर विचारायचे, “क्या हुआ पाटील, बीमार हो क्या?” चौथ्या-पाचव्या वेळी मी एकाला म्हटलं, नाही, बढती मिळाली आहे. तो हसला. मी नाही हसलो. घरी बसायची सवय लागायला किती वेळ लागतो ते मी आमच्या गावात बघितलं आहे. भाडं आल्यापासून कित्येकांना ती लागली. मला लागू द्यायची नव्हती. फ्लोअरवर परत जायचं, ते याच सीझनमध्ये, एवढं मी त्या खुर्चीत बसून पक्कं केलं. फक्त ते नुसत्या हट्टानं होणार नव्हतं, हे कळण्याइतपत अक्कल त्या हिसकावलेल्या चहानं दिली होती.

डॉक्टरबाईंना मी म्हटलं, मला मान डोलवायची नाही, शिकायचंय. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “सकाळी काय खाता?”

“दोन भाकऱ्या. तांदळाच्या.”

“केवढ्या?”

“भाकरीएवढ्या.”

त्यांनी हातानं एक गोल करून दाखवला. मी तो गोल बघितला आणि मला सहा युनिटांचं सगळं रामायण उलगडलं. बाईंची भाकरी बशीएवढी होती. आमच्याकडे एवढ्याला भाकर म्हणत नाहीत, पोरीबाळी भातुकलीत थापतात ते. फराळाला मी जेवण म्हणत नव्हतो, आणि बाई ज्याला भाकरी म्हणत होत्या ती भाकरच नव्हती. दोघांचं मराठी अस्खलित होतं आणि माझी साखर छताला.

मग घरी वजनकाटा आला. आई चुलीपाशी, मी काटा घेऊन तिच्या बाजूला. तव्यावरून भाकर उतरली तशी मी ती काट्यावर ठेवली.

“ह्ये काय चाललंय?”

“वजन करतो.”

“माज्या भाकरीचं? भंगार हाय का ती, काट्यावर चरवायला?”

“डॉक्टरबाईंनी सांगितलंय.”

“तिला सांग, येऊन थाप एक. मंग बोल.” पण दुसरी भाकर उतरल्यावर तीच वाकून काटा बघायला लागली. पहिलीपेक्षा ती जरा जड भरली. आईचा चेहरा पडला. आयुष्यभर एकसारख्या भाकऱ्या थापल्याचा तिचा अभिमान होता. तिसरी तिनं श्वास रोखून थापली, आणि ती बरोब्बर पहिलीएवढी भरली तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पीठ चोरलं होतं. त्या दिवसापासून दोन भाकऱ्यांऐवजी एक, पण रोज तेवढीच. तिच्या हातानं माझं निम्मं गणित सोडवलं. आजही सोडवते, फक्त काटा हल्ली लपवून ठेवते.

उरलेलं निम्मं पायांचं होतं. चालताना शरीर थोड्या इन्सुलिनमध्ये जास्त साखर वापरतं. म्हणजे तीच भाकर, तेच पेन, पण खुर्चीत बसायचं असेल तर एक आकडा आणि रॅकांमधून चालायचं असेल तर दुसरा, कमी. बाईंचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग बघायचं, मग पुन्हा. आणि एकदा घेतलेलं इन्सुलिन काम संपवेपर्यंत त्याच्या पाठीवर दुसरं टाकायचं नाही. थांबायचं. काम न करता थांबणं मला कधी जमलं नव्हतं. गेटवरच्या खुर्चीत बसून मी तेवढं शिकलो. बसून सहा लागतात, हे तिथं पक्कं झालं. ड्युटीआधी मुद्दाम पाच घेऊन गोदामाभोवती फेऱ्या मारल्या. तिथं पाचही जास्त होतात, हे कळलं. ड्रायव्हर लोकांना वाटलं, बढती झालेला पाटील वजन उतरवतोय.

दिवाळी जवळ आली तसा मी शमीमभाईंना गाठलं.

“एक शिफ्ट द्या.”

“गिर गया तो?”

“गिरने से पहले बैठूँगा.”

“सीझन में बैठेगा?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सीझनमध्ये लग्न करायची परवानगी मागतोय.

“पंद्रह मिनट. फिर उठूँगा.”

त्यांनी आतल्या खोक्यांच्या ढिगाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “एक. और मेरे को स्कॅन नहीं करने का.”

त्या सकाळी मी चार घेतलं. चाकांचा आवाज, टेपचा चर्रकन फाटण्याचा आवाज, सगळं अंगात आलं. पहिल्या तासात मी उडत होतो. मग पडद्यांच्या रॅकपाशी बोटांत ती बारीक थरथर आली. ओठ बधिरले. स्कॅनर सांगत होता, पुढची वस्तू, पुढची वस्तू. अजून दोन ओळी, मग बसू, असं डोक्यात आलंच. आणि दोन ओळींनंतर काय होतं ते मला आता ठाऊक होतं. मी ढकलगाडी कडेला लावली आणि वाटेतच, खाली, फरशीवर बसलो. बोट टोचलं. आकडा खाली घसरला होता. पुड्या फोडून साखर तोंडात ओतली, वर पाणी, आणि घड्याळाकडे बघत बसलो.

ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब. मागून गाड्या यायच्या, “ए पाटील, हट ना,” “झोपला काय रे इथं?” एकानं चाक माझ्या बुटाला लावलं. लाज अशी वाटली की उठून पळावं. पण उठलो असतो तर पुन्हा गेटवर गेलो असतो, किंवा फोर्कलिफ्टखाली. मी बसून राहिलो. शमीमभाई ओळीच्या टोकाला आले. मला वाटलं, संपलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या साखरेच्या फाटक्या पुडीकडे बघितलं, आणि लूमच्या आवाजात ओरडले, “पाटील बैठा है! बाजू से निकालो!”

गाड्या बाजूनं निघायला लागल्या. मी पुन्हा बोट टोचलं. आकडा वर आला होता. तो पुन्हा घसरू नये म्हणून डब्यातली अर्धी भाकर तेवढी खाल्ली; सापडेल ते खात सुटलो नाही. उठलो, राहिलेली शिफ्ट पुरी केली. निघताना शमीमभाईंनी एवढंच विचारलं, “कल?”

संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन केला. चार युनिट घेऊन साखर एवढी उतरली, मधे बसावं लागलं. त्या म्हणाल्या, “मग उद्या तीन घेऊन बघा. बाकी काही बदलू नका. मधे तपासा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दिवाळीचा कंदील टांगत आई उभी होती, आणि मी ताटापुढं बसून पेनची फिरकी फिरवत होतो. टक. टक. टक. थांबलो.

“ह्ये कवरं घेतलंस?” तिनं दारातूनच विचारलं. “तीनच? सहा घेत व्हतास ना?”

“सहा बसायचं,” मी म्हटलं. “आज फ्लोअरवर आहे.”